हुंकारपट्टी

विज्ञानमालिकेची कल्पना टाकाऊ आहे हे ओळखायला मला चार वाक्यं पुरतात. ती चांगली आहे हे ओळखायला मात्र सकाळचा चहा आणि आमचे हे, अशा दोन गोष्टी लागायच्या. बावीस वर्षं असंच चाललं होतं आणि उत्तम चाललं होतं.

मी हेमांगी सुतार. कोल्हापूरच्या ‘मोहर’ वाहिनीचा कथाविभाग सांभाळते. लेखक येतात, नव्या मालिकेची वनलाइन ऐकवतात. गोष्टीच्या गाभ्याला आमच्याकडे वनलाइन म्हणतात, मग ती सात पानांची का असेना. मी ती ऐकते, तिच्यातलं भोक शोधते आणि लेखकाच्या हातात देते. घरोघरची यंत्रं बोलायला लागल्यापासून प्रेक्षकांना विज्ञानमालिकांचं वेड लागलंय, त्यामुळे आठवड्याला तीसेक वनलाइन्स माझ्या टेबलावर पडतात. त्यातल्या अठ्ठावीस तिथेच मरतात. लेखक माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

परवाचंच सांगते. एक लेखक मंगळावरचं एकत्र कुटुंब घेऊन आला. मी विचारलं, "मंगळावर गेल्यामुळे ह्यांच्या घरात काय बदललं?"

"ताई, बाहेर सगळं लाल आहे."

"आणि आत?"

"आत चैत्रातलं हळदीकुंकू चाललंय."

मग शिरोळला काय वाईट होतं, असं विचारून मी त्याला वाटेला लावलं. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. त्याचा नायक लोकांच्या आठवणी विकत घेणारा. मी म्हटलं, ज्यानं आठवण विकली, त्याला ती विकल्याचं तरी आठवतं का? लेखक दोन मिनिटं पंख्याकडे बघत बसला. ह्याचा विचार केला नव्हता, म्हणाला. मग कर आणि ये, म्हटलं.

माझी कसोटी सोपी आहे. यंत्र कितीही मोठं असू दे, ते एका घराच्या उंबऱ्यातून आत आलं पाहिजे. आत येऊन त्यानं तिथल्या एका तरी माणसाला असं काही करायला लावलं पाहिजे, जे त्यानं एरवी केलं नसतं. तेवढं झालं की मालिका उभी राहते. बाकी सगळे दिवे आणि धूर.

ह्या कसोटीतून उरलेल्या वनलाइन्स मी सकाळी घरी सांगायची. माझा नवरा, धनंजय, पॅटर्नमेकर आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. उद्यमनगरात त्यांचं छोटं शॉप आहे. आता प्रतिकृती छापणारी यंत्रं आली, तरी अवघड काम असलं की फाउंड्रीवाले अजून त्यांच्याकडेच येतात. बोलणं कमी. मी सांगायची आणि ते चहात खारी बुडवत "हं" म्हणायचे. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ह्यांच्या ‘हं’चे सगळे प्रकार मला पाठ होते. लांब हं आला तर लोक बघणार. तुटका आला तर तेराव्या भागाला गाशा गुंडाळायचा. काळयंत्र सापडलेल्या तलाठ्याची वनलाइन मला मुळीच पटली नव्हती, पण तिला ह्यांनी असा लांब हं दिला की मी ती उचलली. ती चारशे दहा भाग चालली आणि वाहिनीत माझा शब्द खाली पडेनासा झाला.

मग पट्टी आली.

आमचा प्रमुख ऋतुराज इंगवले. वय चाळिशीच्या आत, माझ्याच हाताखाली शिकलेला. एके दिवशी त्यानं बैठकीत एक पारदर्शक पट्टी टेबलावर ठेवली. करंगळीएवढी, जखमेवर लावायच्या प्लास्टरसारखी.

"हुंकारपट्टी," तो म्हणाला. "ताई, आता अंदाज बंद."

ही पट्टी मिरजेतल्या एका वाचातज्ज्ञ बाईंनी भलत्याच कामासाठी केलेली होती. घशाच्या कर्करोगानं ज्यांचा आवाज गेला, त्यांच्यासाठी. बोलायचं मनात आलं की मेंदूकडून गळ्याच्या, जबड्याच्या स्नायूंना विजेचे बारीक निरोप जातात. आवाज फुटो न फुटो, निरोप पोचतोच. कातडीवरची पट्टी तो पकडते आणि यंत्र त्याचा शब्द करतं. चाचण्या घेताना बाईंच्या लक्षात आलं की माणूस बोलत नसतानाही, नुसता ऐकत असतानाही पट्टीवर काहीतरी उमटतं. गुंतून ऐकणाऱ्याचे ओठ मिटलेले असले तरी तो गळ्यातल्या गळ्यात हुंकार देत असतो. हं. मग? हं. लक्ष उडालं की गळा गप्प.

आणि तोंडदेखला हुंकारही पट्टीला ओळखू येतो. खरोखर ऐकणाऱ्याचा गळा शब्दाच्या आधी अर्धा सेकंद तयार होऊन बसतो. खोट्या ‘हं’ला ही तयारी नसते. तो नुसता तोंडातून पडतो.

वर्षभरात पट्टी सगळीकडे झाली. क्लासवाले मुलांच्या गळ्याला लावायला लागले. लग्न ठरवताना एका स्थळानं, आमची मुलगी बोलत असताना मुलाचा आलेख कसा आला ते दाखवा, अशी मागणी केल्याचं मी स्वतः ऐकलंय. आमच्या वाहिनीचा नियम असा झाला की चाळीस श्रोते बसवायचे, वनलाइन वाचून दाखवायची आणि शंभरातले पस्तीस गुण मिळाले तरच पुढे जायचं.

हा नियम आला त्या बैठकीत मी म्हटलं, "आमच्या घरी बावीस वर्षं हुंकारपट्टी आहे. चहा पिते आणि खारी खाते."

सगळे हसले. ऋतुराजही हसला आणि म्हणाला, "मग काकांनाच लावून बघा की ताई. पट्टीचीपण परीक्षा होईल."

हा विचार मला फार आवडला. पट्टीचं पितळ आमच्याच स्वयंपाकघरात उघडं पडणार, ह्याची मला खात्री होती.

धनंजयनी काही कुरकुर केली नाही. "लाव की," म्हणाले आणि मान वर केली. तीन सकाळी मी तीन वनलाइन्स सांगितल्या, रंगवून सांगितल्या. ते नेहमीसारखे हं म्हणत गेले. एक तर इतका लांब आला की मी मनातल्या मनात मालिकेचं शीर्षकगीत लिहायला घेतलं.

चौथ्या दिवशी ऑफिसात आलेख उघडला. तोंडी हुंकार सत्तेचाळीस. गळ्यातले दोन. त्या दोनांतला एक खारीचा ठसका होता.

मी आलेख तीनदा पाहिला. सपाट रेघ, तिच्यावर सत्तेचाळीस पोकळ टिंबं. बावीस वर्षं रोज सकाळी मी एका माणसाला माझं सगळ्यात आवडतं काम सांगत आले होते आणि तो माणूस तिथे नव्हताच. मला राग आला. अपमान वाटला. आणि त्याहून जास्त म्हणजे एकदम एकटं वाटलं. तलाठ्याच्या वेळचा तो लांब हं कदाचित कुठल्या तरी पंपाच्या पॅटर्नचा विचार करताना आलेला असेल आणि माझी सगळी पत त्याच्यावर उभी होती.

ऋतुराजनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, पट्टी नीट बसली नाही.

घरी काही बोलले नाही. भांडायचं तरी कशावरून? ऐकत नाही म्हणून? रोज ‘हं’ म्हणणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं? मी फक्त सांगायचं बंद केलं. दोन दिवस धनंजयनी वाट बघितली असावी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आज काय नाही वाटतं?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. तो हं खरा होता की खोटा, हे मला सांगता येईना, आणि मला रडू यायला लागलं म्हणून मी भाजी घ्यायला गेले.

त्याच आठवड्यात ईश्वरी चौगुले आली. तिशीची, गडहिंग्लजकडची. आमच्याकडच्या बऱ्याच पोरी स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात, तशी बोलणारी. तिच्या दोन वनलाइन्स मी आधी मारल्या होत्या. दोन्ही वेळा तिनं माझं म्हणणं वहीत उतरवून घेतलं होतं आणि थँक्यू म्हणून गेली होती. ह्या वेळी वही नव्हती.

"हे मी तीनदा लिहिलो ताई," ती म्हणाली. "आता हे पडलं तर परत येणार नाही. शाळेवर जाईन शिकवायला."

"बोल."

"शहरातले कावळे संपलेत. कशानं ते पहिल्या भागात येतं, विषानं मेलेले उंदीर खाऊन. घाटावर दहाव्याचे पिंड तसेच पडून राहायला लागलेत. शिवायला कोणी नाही. मग एक कारागीर यंत्राचा कावळा करतो. हुबेहूब. उडतो, मान वाकडी करतो, पिंडाला चोच लावतो. लोक आधी हसतात. मग बोलवायला लागतात. आणि मग एका घरात काय होतं, कावळा येतो आणि शिवत नाही."

"बिघडलाय?"

"तेच तर कळत नाही ना. तीन मुलं उभी आहेत घाटावर. यंत्र आहे हे तिघांनाही माहीत आहे. तरी थोरला हात जोडतो आणि म्हणतो, आबा, धाकट्याची जमीन परत देतो. कावळा शिवतो."

यंत्र उंबऱ्यातून आत आलं होतं आणि थोरल्याला त्यानं एरवी न केलेलं करायला लावलं होतं. माझं मन हो म्हणत होतं. पण माझ्या मनाचा आधार काय, तर सत्तेचाळीस खोटे हं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका लेखिकेला म्हटलं, "बघू, पट्टी काय म्हणते."

ईश्वरीनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. शिव्या खायला तयार होऊन आलेल्या पोरीला मी नुसतं ‘बघू’ दिलं होतं.

चाळीस श्रोत्यांपुढे वनलाइन वाचली गेली. एकोणीस गुण.

"गेली," ऋतुराज म्हणाला. "लोक गप्प बसले की हो ताई. गळाच हलला नाही कोणाचा. शुक्रवारी बैठकीत नकारावर सही करून टाका."

शुक्रवारी सकाळी लवकर ऑफिसात जाऊन मी ईश्वरीचा अहवाल उघडला. निदान का पडली, एवढं तरी त्या पोरीला नीट सांगावं म्हणून. गुणांचं पान सगळेच बघतात. मी पुढची पानंही चाळली. शेवटून दुसऱ्या पानावर ‘गाळलेल्या नोंदी’ असा रकाना होता. खोकला, ठसका, जांभई, आवंढा. त्यात आवंढे तीन हजार बारा.

चाळीस माणसं, पंधरा मिनिटं. माणशी मिनिटाला पाच. मी घड्याळ लावून स्वतःचे मोजले. नुसतं बसलं तर मिनिटाला एखादा. मग मंगळावरच्या हळदीकुंकवाचा अहवाल काढला, मी वाटेला लावल्यावरही ऋतुराजनं त्या बिचाऱ्याला श्रोते दिले होते. मिनिटाला एकच. घसा काही मंगळाला ओला आणि कावळ्याला कोरडा होत नाही.

मग मी धनंजयचा आलेख उघडला. शेवटून दुसरं पान. बारा मिनिटांत एकसष्ट आवंढे.

मी सरळ मिरजेला, पट्टी करणाऱ्या बाईंना फोन लावला. ओळख ना देख, पण बाई मोकळ्या निघाल्या. मी आकडे सांगितले. त्यांनी विचारलं, आवंढ्याची वेळ बघा, कुठे कुठे येतो? मी बघितलं. वाक्य संपलं की लगेच. प्रत्येक वेळी.

"मग तो आवंढा नाही," बाई म्हणाल्या. "असं बघा. ‘हं’ नाकातला. ओठ लागत नाहीत, गळा हलकेच वाजतो. ‘मग’ला ओठ मिटतात खरे, पण गळा वाजताच राहतो. आता ‘प’ म्हणून बघा. ओठ मिटतात, श्वास अडतो, गळा क्षणभर थांबतो. गिळतानाही जवळजवळ हेच होतं. आमच्या रुग्णांचे आवंढे वेगळे काढायला आम्ही एक चाळणी लावली होती. तुमच्या लोकांनी ती तशीच ठेवलेली दिसते."

"‘प’ म्हणजे?"

"अहो, ऐकताना माणसाला ‘प’वरून दुसरं काय म्हणायचं असतं? ‘पण’. तुमचे श्रोते ‘पण’ म्हणायला बघताहेत आणि शिष्टाचार म्हणून गिळताहेत."

मी फोन ठेवला आणि तो एकसष्ट आकडा परत बघितला. बरं वाटलं म्हणावं तर तसंही नव्हतं. धनंजय ऐकत होते. शब्दन्‌शब्द ऐकत होते. आणि काहीतरी गिळत होते.

बैठकीत मी सही केली नाही. ऋतुराजला चाळणीचं सगळं सांगितलं. तो हुशार आहे, पाचव्या वाक्याला त्याच्या लक्षात आलं, पण कबूल करायला त्याला दहा मिनिटं लागली.

"मला त्या चाळीसांतले जे येतील ते आज दुपारी इथे हवेत," मी म्हटलं. "पट्ट्या लावून. आणि ईश्वरी स्वतः सांगेल."

"परत तेच ऐकवून काय होणार, ताई?"

"ऐकवायचं नाही. मधे बोलू द्यायचं."

बावीस जण आले. मी त्यांना एवढंच सांगितलं की जिथे ‘पण’ येईल तिथे गिळू नका. ईश्वरीनं सुरुवात केली. कावळे संपले, पिंड पडून राहिले, इथपर्यंत ती पोचते न पोचते तोच मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले.

"पण बाई, कावळा नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. शास्त्रानं सोय करून ठेवलीय. यंत्र कशाला पाहिजे?"

हे भोक माझ्याही नजरेतून सुटलं होतं. मी ईश्वरीकडे बघितलं. तिनं विचारलं, "दर्भाचा कावळा कोण शिववतं, काका?"

"आपणच की. गुरुजी सांगतात, आपण हातानं शिववतो."

"आणि शिववून घरी आल्यावर बरं वाटतं का?"

मास्तर हळूच म्हणाले, "आईच्या वेळी मी शिववला होता. दोन तास थांबून. नाही वाटलं बरं." आणि खाली बसले.

त्यानंतर मला काही करावंच लागलं नाही. पण यंत्राला काय कळतंय मेलेल्याच्या मनातलं. पण खऱ्या कावळ्याला तरी कुठे कळत होतं. पण धाकट्यानंच कारागिराला गाठून कावळा अडवून ठेवला असेल तर. ह्या शेवटच्या ‘पण’वर सगळे एकदम बोलायला लागले आणि ईश्वरी पायांवर पाय घासत, हातवारे करत एकेकाला उत्तर देत होती. दीड तास ते चाललं. एक बाई मधेच उठून बाहेर जाऊन भावाला फोन करून आल्या.

ऋतुराज आलेखाच्या पडद्यासमोर उभा होता. प्रत्येक ‘पण’नंतर, त्याचं उत्तर ऐकताना, बावीसच्या बावीस गळ्यांतून हुंकार उमटत होते. एक्क्याऐंशी गुण.

"उचलू," तो म्हणाला. "चाळणी काढायला सांगतो."

"चाळणी काढ. आणि पस्तीसचा नियमपण काढ," मी म्हटलं. "ज्या गोष्टीशी भांडावंसं वाटत नाही, ती गोष्ट लोक बघतात आणि विसरतात. भोक नाही अशी वनलाइन मला नकोच. मला असं भोक पाहिजे, की ते बुजवायला अख्खं घर टीव्हीसमोर येऊन बसलं पाहिजे." ऋतुराजनं ते लिहून घेतलं. बावीस वर्षांत मला माझं काम इतकं स्पष्ट कधी सांगता आलं नव्हतं, आणि ह्या वेळी ते कोणाच्या ‘हं’च्या भरवशावर सांगितलेलं नव्हतं.

ईश्वरी माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. "ताई, त्या दिवशी तुम्ही भांडला असता तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली. बरोबर होतं तिचं. मी माफी मागितली.

घरी पोचले तेव्हा धनंजय मागच्या पडवीत पटाशीला धार लावत होते. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि कागद पुढे केला.

"एकसष्ट वेळा काय गिळलंत?"

त्यांना आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. पट्टी, सपाट रेघ, माझं गप्प होणं, चाळणी, ‘पण’. ते पटाशी फिरवायचे थांबले.

"म्हणजे तू माझ्या हंवर मालिका पास करायचीस?"

"हो."

"बावीस वर्षं?"

"हो."

"अगं, मला वाटायचं तू मला सांगायलीस."

मग तेच पुढे म्हणाले, अगदी साध्या आवाजात, तक्रार नसल्यासारखे, "पहिल्या वर्षी एकदा पण म्हणालो होतो. ती ढग पळवायची गोष्ट होती बघ. तू म्हणालीस, आधी सगळं ऐका, मग बोला. मी सगळं ऐकलं. मग तू कप ठेवलास, डबा घेतलास आणि गेलीस."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"रोजच जायचीस की. गोष्ट संपली की तुझी बस असायची."

मला ते आठवलं नाही, पण ते खरं आहे हे मला ठाऊक होतं. मी त्यांना कधीच काही विचारलं नव्हतं. पट्टीनं जे एका वर्षात लोकांचं केलं, ते मी ह्यांचं रोज चहाबरोबर करत आले होते. त्यांच्या तोंडाकडे बघून आकडा घ्यायचा आणि उठायचं. मी म्हटलं, "माझं चुकलं." त्यांनी मान हलवली, चुकलं नाही असं काही म्हणाले नाहीत, आणि ते बरंच झालं.

"आता एक सांगते," मी म्हटलं. "मधे बोला."

मी कावळ्याची गोष्ट सांगायला लागले. तिसऱ्याच वाक्याला ते म्हणाले, "पण कावळा केला कोणी?"

"एक कारागीर आहे. त्याचं फार काम नाही. दुसऱ्या भागानंतर तो दिसत नाही."

"का दिसत नाही? त्याचा बाप हाय का जिवंत?"

"तसं काही लिहिलेलं नाही अजून."

"मग लिहायला पाहिजे." त्यांनी पटाशी खाली ठेवली. "त्याचा बाप गेला की त्याच्या पिंडाला कोण शिवणार? सगळ्या गावाला ह्याच्या कावळ्यानं बरं वाटंल. ह्याला कसं वाटंल? आत कुठली तार कुठं गेलीय, ती ह्यानंच जोडलीय. कावळा शिवला तरी ह्याला माहीत, की आपणच शिववला. माझ्या पॅटर्नचे पंप हाईत बघ, दसऱ्याला लोक त्याला हार घालतात, हळदीकुंकू वाहतात. मला कधी हात जोडता आला नाही. मला त्यात नुसते सांधे दिसतात. अण्णांच्या दहाव्याला कावळा आला तेव्हा मी काय केलं माहीत हाय? मान कशी वळवतो ते बघत बसलो. नमस्कार करायचा राहिला."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन चौदा वर्षं झाली. त्या दिवशी घाटावर मी ह्यांच्या शेजारीच उभी होते.

चाळीस गळ्यांना जे दिसलं नव्हतं, मास्तरांना दिसलं नव्हतं, भोकं शोधण्यात हयात घालवलेल्या मला दिसलं नव्हतं, ते हे होतं. मालिका कारागिराची होती. तीन भाऊ नुसते सुरुवातीला यायचे होते. मी फोन काढला आणि ईश्वरीला लावला.

"ईश्वरी, तुझ्या गोष्टीत एक मोठं भोक आहे."

"कोणाला सापडलं ताई? पट्टीला?"

"नाही. आमच्या ह्यांना."

"मग?" ती लगेच म्हणाली. "काय म्हणतायत?"

"तेच सांगतील," म्हणून मी फोन पुढे केला. धनंजयनी हात पँटला पुसले, फोन दोन्ही हातांनी धरला आणि घसा साफ केला.

"पोरी, तुझी गोष्ट लई चांगली हाय," ते म्हणाले. "पण..."

ह्या वेळी मी उठले नाही.